दोन मैलांच्या आत

न्यू जर्सी राज्यात एक कायदा आहे. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल, तर त्याला सरकारी शाळेची बस फुकट मिळालीच पाहिजे. नववी ते बारावीच्या मुलांसाठी हीच मर्यादा अडीच मैलांची आहे. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या जरासं आत. आमचं घर शाळेपासून १.८ मैलांवर आहे.

हा आकडा मला आता झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल. २०२५च्या मार्चपर्यंत तो जाणून घ्यायचं कारण नव्हतं, कारण कोपऱ्यावर पिवळी बस यायची आणि माझा आठ वर्षांचा मुलगा तिच्यात चढायचा. ही बस कायद्याने बांधील म्हणून येत नव्हती. दोन मैलांच्या आतल्या मुलांना डिस्ट्रिक्ट स्वखुशीने जी बस देतं, तिला इथे ‘कर्टसी बस’ म्हणतात. सौजन्याची बस! आपल्याकडे ‘सौजन्य’ हा शब्द फोटोखाली येतो, इथे तो अंदाजपत्रकात येतो. आणि अंदाजपत्रकात तूट आली की पहिली कात्री सौजन्याला लागते.

तुमच्यापैकी बहुतेकजण भारतात बसून हे वाचत असणार, तेव्हा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय ते आधी सांगते. हा आपला जिल्हा नव्हे. अमेरिकेत असे जवळजवळ तेरा हजार डिस्ट्रिक्ट आहेत आणि एकट्या न्यू जर्सीत, जे राज्य आकाराने पुणे आणि सोलापूर हे दोन जिल्हे मिळून होतील त्याहूनही लहान आहे, तिथे सहाशेच्या आसपास आहेत. म्हणजे जवळपास गावागणिक एक. प्रत्येकाचं स्वतःचं बोर्ड, स्वतःचं बजेट, स्वतःचा सुपरिंटेंडेंट. बोर्डात बहुधा नऊजण असतात, तीन वर्षांसाठी निवडून येतात आणि न्यू जर्सीत त्यांना या कामाचा एक डॉलरही पगार मिळत नाही. दिवसा कोणी विमा कंपनीत असतं, कोणी दाताचे डॉक्टर असतं, आणि रात्री हे लोक काही कोटी डॉलरचं बजेट मंजूर करतात.

मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खातं गुंडाळण्याच्या आदेशावर सही केली, तेव्हा आईचा साताऱ्याहून घाबरून फोन आला. ‘शिक्षण खातंच बंद केलं म्हणे, मग पोराची शाळा?’ तिला समजवायला बराच वेळ लागला, की इथल्या शाळेच्या खर्चात दिल्लीचा, म्हणजे वॉशिंग्टनचा, वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. (तो वाटा मुख्यतः गरीब मुलांसाठी आणि अपंग मुलांसाठी असतो, त्यामुळे तो लहान असला तरी क्षुल्लक नाही.) बाकीचा पैसा राज्य आणि गाव मिळून देतात. आमच्यासारख्या गावात बहुतांश गावच देतं, आणि गाव देतं म्हणजे घरपट्टीतून. न्यू जर्सीची घरपट्टी देशात सर्वांत जड म्हणून प्रसिद्ध आहे, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. तिच्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांना जातो. आमच्या घराचं बिल साडेअकरा हजार येतं. तिमाही हप्ता भरताना नवरा दर वेळी एकच वाक्य म्हणतो: ‘सरकारी शाळा फुकट असते असं कोण म्हणालं होतं?’

शाळेचा पैसा घराच्या किमतीतून येणार असेल, तर पुढचं सगळं आपोआप घडतं. महाग घरांच्या गावाला श्रीमंत शाळा, स्वस्त घरांच्या गावाला गरीब शाळा. शाळा चांगली म्हणून घरं महाग, घरं महाग म्हणून शाळा चांगली. न्यू जर्सीच्या घटनेत १८७५पासून एक वाक्यांश आहे, की राज्याने मुलांसाठी ‘संपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळांची व्यवस्था करावी. त्या दोन विशेषणांवर पन्नास वर्षं कोर्टात भांडण चाललंय. १९७३मध्ये, जर्सी सिटीतल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने दाखल झालेल्या खटल्यात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरपट्टीवर उभी असलेली ही पद्धत घटनेत बसत नाही. विधिमंडळ टोलवाटोलवी करत राहिलं. शेवटी कोर्टाच्या आदेशाने जुलै १९७६मध्ये शाळांवरचा खर्चच थांबला. राज्यभरच्या सरकारी शाळा बंद! उन्हाळ्याचे दिवस होते, त्यामुळे फार मुलं वर्गात नव्हती, पण धमकी खरी होती. काही दिवसांतच न्यू जर्सीत पहिल्यांदा प्राप्तिकर आला. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर राज्याच्या कराची जी ओळ असते, तिचा जन्म शाळेच्या भांडणातून झालाय हे कळल्यापासून मी त्या ओळीकडे जरा प्रेमाने बघते.

पुढे ‘ॲबट विरुद्ध बर्क’ हा खटला आला. १९८५, १९९० आणि मग एकामागून एक निकाल. न्यूअर्क, कॅम्डन, पॅटरसन अशा ३१ गरीब डिस्ट्रिक्टना राज्याने जादा पैसा द्यायचा, असं ठरलं. २००८मध्ये सगळ्या राज्यासाठी मदतीचं एक सूत्र केलं गेलं. २०१८मध्ये नवीन कायदा झाला: सूत्रानुसार ज्यांना जास्त मिळतंय त्यांची मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि ज्यांना कमी मिळतंय त्यांना ती द्यायची. कागदावर अत्यंत न्याय्य. मला आजही तो न्याय्यच वाटतो. फक्त, ज्यांची मदत कमी होत गेली त्यांच्यात आमचं डिस्ट्रिक्ट होतं.

त्यातच २०१०मध्ये राज्याने घरपट्टीच्या वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली होती. काही अपवाद सोडले तर गाव दर वर्षी दोन टक्क्यांहून जास्त कर वाढवू शकत नाही, वाढवायचा तर मतदान घ्यावं लागतं. आता कल्पना करा, तुमचा पगार दर वर्षी दोन टक्केच वाढणार, पण शिक्षकांचा आरोग्यविमा, बसचा ठेका, अपंग मुलांच्या खास शाळांची फी हे सगळं त्याच्या कितीतरी पुढे पळतंय. कोविडनंतर केंद्राने देशभरच्या शाळांना तीन हप्त्यांत एकोणीसशे कोटी नव्हे, एकोणीस हजार कोटी डॉलर दिले होते, त्यातून बरीच भोकं बुजली. त्या पैशातल्या शेवटच्या हप्त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ला संपली. म्हणून २०२५च्या वसंतात न्यू जर्सीच्या कितीतरी गावांतल्या पालकांना एकाच अर्थाची ई-मेल आली. आमचीही आली. तीन पानांची, अतिशय सभ्य, आणि तिसऱ्या पानावर यादी: कर्टसी बस बंद, चौथीपासूनचं वाद्यशिक्षण बंद, तीन प्राथमिक शाळांना मिळून एकच ग्रंथपाल, तिसरीच्या वर्गात २२ऐवजी २७ मुलं.

आमच्या गावातल्या मराठी पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकशे चाळीस माणसं. गणपतीची वर्गणी, भारतातून येणाऱ्याच्या बॅगेत रिकामी जागा, आणि गणित. गणितावर तो ग्रुप रात्री एकलाही जागा असतो. मुलाला पुढच्या इयत्तेचं गणित कधीपासून मिळेल, त्याची चाचणी कशी असते, कुठला क्लास लावावा. ई-मेल आली त्या संध्याकाळी पहिला प्रश्न आला तो असा: ‘यात गिफ्टेड प्रोग्रॅमला हात लावलेला नाही ना?’ नाही, असं कळल्यावर अर्ध्या लोकांनी सुटकेचा अंगठा टाकला.

मला राग आला, पण नवल वाटलं नाही. आम्ही सगळ्यांनी घरं घेताना आधी शाळेचे गुण बघितले होते. घरांच्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी किती ते लिहिलेलं असतं. नऊची शाळा आणि सातची शाळा यांच्यात मधे फक्त एक रस्ता, आणि रस्त्याच्या अलीकडच्या घराला लाखभर डॉलर जास्त. त्या नऊ गुणांच्या मागे मुख्यतः परीक्षेचे निकाल असतात, आणि निकालांच्या मागे मुख्यतः आमच्यासारखे आईबाप आणि त्यांनी लावलेले क्लास. म्हणजे आम्हीच आम्हाला नऊ गुण देतो आणि मग ते नऊ गुण लाखभर जास्त मोजून विकत घेतो.

या वेडाचा एक गाजलेला किस्सा आमच्याच भागातला आहे. प्रिन्स्टनजवळच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटनी २०१५मध्ये पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण इतका वाढलाय, की आधीच्या एका वर्षात शंभराहून जास्त मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं, असं त्यात होतं. मग त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री ‘गृहपाठ नाही’ म्हणून जाहीर केल्या आणि पुढचं गणित चौथीऐवजी सहावीपासून ठेवलं. त्यावरून गाव दुभंगलं. ढोबळमानाने गोरे पालक म्हणाले, बरं झालं. आशियाई पालकांपैकी बरेच म्हणाले, शिक्षणाची पातळी खाली आणताय. न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोठी बातमी आली. आजही कुठल्याही देशी पार्टीत हा विषय काढा, समोसे गार होतील.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडी सूट द्यायला मी तयार आहे. ज्या देशात तुमचा काका, मामा, ओळखीचा कुणी नाही, तिथे मुलाच्या हातात गुण सोडून द्यायला दुसरं असतं काय? पण बसचा प्रश्न आल्यावर या गुणांच्या गणिताने आमचं मोठं नुकसान केलं. कारण बस हा सगळ्यांचा प्रश्न होता आणि आम्ही फक्त आपापल्या मुलाचा प्रश्न विचारायला शिकलो होतो.

दुसरी अडचण जास्त खोल होती. ग्रुपवर मी लिहिलं, की बोर्डाच्या सभेला जाऊ या. उत्तरं सावकाश आली, बरीचशी वैयक्तिक मेसेजमध्ये. ‘आपण व्हिसावर आहोत, कशाला पुढे पुढे करायचं?’ ‘सभा यूट्यूबवर लाइव्ह असते, नाव सांगावं लागतं.’ ‘माझं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे गं.’ एक मैत्रीण, जिला मी धीट समजते, म्हणाली: ‘सध्याचे दिवस बघ.’ ती चूक म्हणत नव्हती. मी आणि नवरा दोघंही एच-वन-बीवर आहोत. ग्रीन कार्डसाठी अर्ज करून आठ वर्षं झाली. एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं द्यायची नाहीत या नियमामुळे भारतीयांची रांग इतकी लांब आहे, की आमचा नंबर येईपर्यंत मुलगा कॉलेजात असेल. साडेअकरा हजार डॉलर घरपट्टी आम्ही भरतो, पण स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत आम्हाला मत नाही. कर घ्यायचा आणि मत द्यायचं नाही, यावरून याच देशाने एकदा इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला होता; पण ही तक्रार एच-वन-बीवाल्याने मोठ्याने करायची नसते.

मत नव्हतं, पण तीन मिनिटं होती. न्यू जर्सीत १९७५चा एक कायदा आहे, त्याला लोक ‘सनशाइन लॉ’ म्हणतात. सरकारी मंडळांच्या सभा उघड्या घ्यायच्या. शाळेच्या बोर्डाला प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो आणि तिथे तुम्ही नागरिक आहात का असं कोणी विचारत नाही.

सभेआधीच्या शनिवारी शेजारची चिनी बाई आणि मी शाळेपर्यंत चालत गेलो. तिची मुलगी माझ्या मुलाच्याच वर्गात. चार वर्षं समोरासमोर राहत होतो, पण हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. तिचं इंग्रजी तोडकं आणि माझं साताऱ्याचं, त्यामुळे आम्ही फार बोललो नाही, मोजत गेलो. आमच्या कॉलनीचा फूटपाथ ०.३ मैलांवर संपतो. तिथून काउंटीचा चौपदरी रस्ता लागतो. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. गाड्या अर्थातच त्याहून जोरात. एका बाजूला गवताचा उतार, दुसऱ्या बाजूला ड्रेनेजची चारी. जवळजवळ एक मैल फूटपाथच नाही. मग सिग्नल, तिथे बटण दाबलं की रस्ता ओलांडायला २२ सेकंद मिळतात. आम्हा दोघींना शाळेपर्यंत ४१ मिनिटं लागली. जानेवारीत या रस्त्याकडेला नांगरून टाकलेल्या बर्फाची कमरेएवढी रांग असते. आम्ही प्रत्येक ठिकाणी फोटो काढले. तिने टेप आणली होती, हे मला फार आवडलं.

आधी मी नगरपालिकेत फोन केला. रस्ता काउंटीचा आहे, आमचा नाही. काउंटीत फोन केला. रस्ता आमचा, पण फूटपाथ गावाने मागायचा असतो. डिस्ट्रिक्टमध्ये फोन केला. आमचं काम मुलांना शिकवणं, रस्ते करणं नव्हे. तिन्ही ठिकाणचे लोक अत्यंत गोड बोलले आणि तिघांनीही ‘हॅव अ गुड वन’ म्हणून फोन ठेवला. माणसाला क्षणभर आपल्या पंचायत समितीची आठवण यावी, फक्त खुर्च्या बऱ्या.

पण या फोनाफोनीत एक उपयोगाची गोष्ट कळली. दोन मैलांच्या आतलाही एखादा रस्ता ‘धोकादायक मार्ग’ ठरवता येतो. वाहतूक किती, वेग किती, फूटपाथ आहे का, हे त्याचे निकष कायद्यातच लिहिलेले आहेत. मग मला रडगाणं गायची गरज उरली नाही.

सभा हायस्कूलच्या सभागृहात होती. एरवी वीस माणसं येतात, त्या रात्री तीनशेच्या वर होती. माईकसमोर एक छोटा दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. वाद्यवृंदातली मुलं व्हायोलिनच्या पेट्या घेऊन आली होती. शिक्षक संघटनेचे लोक एका रंगाचे टी-शर्ट घालून भिंतीलगत उभे होते. आमच्या ग्रुपमधले, मला धरून, सहाजण आले होते. एकशे चाळीसपैकी.

माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ बोलले. चाळीस वर्षं याच गावात आहेत, तीन मुलं याच शाळांतून शिकली. आता पेन्शन ठरावीक, घरपट्टी दर वर्षी वर. त्यांनी बायको गेल्याचं सांगितलं नाही, पण ‘आम्ही’ म्हणता म्हणता ते ‘मी’वर आले. ते म्हणाले, शाळेसाठी मी आयुष्यभर दिलंय, पण मला माझ्याच घरात मरायचंय, आणि या कराने ते जमणार नाही. मागून कोणीतरी हुर्यो केली. मला त्या हुर्योची लाज वाटली. त्या माणसाचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकाच पाकिटातून खर्च मागत होतं, आणि ते पाकीट आम्ही दोघांनी शिवलेलं नव्हतं.

मी नाव आणि गाव सांगितलं. घशाला कोरड होती. फोटो आधीच नवांनाही ई-मेल केले होते. मी फक्त आकडे वाचले: एक मैल, ४५ मैल, २२ सेकंद, ४१ मिनिटं. मग निकष वाचले. चिनी शेजारीण बाजूला टेप हातात धरून उभी होती, काही बोलली नाही. दिवा पिवळा झाला तेव्हा माझं संपलं होतं. उरलेली चाळीस सेकंदं काय करावं ते न सुचून मी ‘थँक यू’ म्हटलं आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी माण तालुक्यातल्या चुलतभावाशी बोलत होते. तो आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, म्हणून त्याचा नंबर लागला. शाळेत अकरा मुलं उरलीत. २०२३मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले होते, पुण्याजवळच्या पानशेतचा आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचा दाखला देऊन. तेव्हापासून वस्तीवर धाकधूक आहे. नियमाने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. शाळा हलली तर बस देऊ म्हणतात. त्याला मी आमची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला.

‘आक्का, तुमच्याकडं पण शाळंला पैसं न्हाईत व्हय?’

‘नाहीत रे.’

‘मग आमच्याकडं बस देत्याल म्हंत्यात ती किती वर्सं देत्याल?’

मला उत्तर देता आलं नाही. त्याने तो प्रश्न तालुक्याच्या बैठकीत लेखी विचारायचा ठरवलं. माझ्याकडून कर्टसी बसचा सगळा तपशील त्याने मराठीत लिहून मागितला आणि मी तो रात्री बसून लिहून दिला. हा लेख खरं म्हणजे त्या चिठ्ठीतूनच वाढलाय.

एप्रिलच्या शेवटी बजेट सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालं. वाद्यशिक्षण वाचलं, व्हायोलिनच्या पेट्यांचा परिणाम झाला असावा. कर्टसी बस गेली. तिच्या जागी पैसे भरून बस, एका मुलाचे वर्षाला ५२० डॉलर, जागा असतील तोवर. पोलिसांनी आमच्या रस्त्याची पाहणी करून त्याचा अर्धा भाग ‘धोकादायक’ ठरवला. ज्यांना चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो, त्या पलीकडच्या बाजूच्या मुलांना बस फुकट राहिली. आमच्या बाजूच्यांना रस्ता ओलांडावा लागत नाही, फक्त त्याच्या कडेने एक मैल चालावं लागतं. त्यामुळे चिनी शेजारणीची मुलगी फुकट जाते आणि माझा मुलगा ५२० डॉलर भरून, त्याच बसमध्ये, तिच्याच शेजारी बसतो. तिने मला निम्मे पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत, तेव्हा तिने डंपलिंग आणून दिले, जे मी घेतले.

ग्रंथपाल बाईंचं पद गेलं. न्यू जर्सीत शिक्षकाला नोकरीत कायम व्हायला चार वर्षं लागतात. त्यांचं तिसरं होतं. कायम नसलेल्यांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत कळवावं लागतं, आणि त्यांना तसं कळवलं गेलं. मुलाला वाचायचा कंटाळा होता, त्याला यांनी खोल समुद्रातल्या माशांची पुस्तकं देऊन वाचायला लावलं होतं. घरी येऊन त्याने विचारलं, ‘त्यांनी काय चुकीचं केलं?’ मी म्हटलं, काहीच नाही. ते त्याला पटलं नाही. काही न करता कोणाला घालवत नाहीत, एवढा त्याचा शाळेवर विश्वास आहे.

५२० डॉलर आम्हाला जड नाहीत. जड कोणाला आहेत, ते मला जूनमध्ये बसच्या फॉर्मच्या रांगेत कळलं. शाळेपासून दीड मैलावर भाड्याच्या घरांचं एक संकुल आहे. तिथली एक आई तीन मुलांना घेऊन उभी होती. किराणा दुकानात रात्रपाळी करते. तिघांचे मिळून १५६० डॉलर. फी-माफीची सोय होती, पण तिचं उत्पन्न मर्यादेच्या थोडंसं वर जात होतं. ती फॉर्म परत देऊन गेली. सप्टेंबरपासून ती रात्रपाळी संपवून थेट घरी येते आणि तिघांना चालत शाळेत सोडते, मोठ्याच्या हातात छोटीचा हात, आई रस्त्याच्या बाजूला. मी ऑफिसला निघताना बऱ्याचदा दिसतात. माझ्या गाडीत मागे तीन जागा रिकाम्या असतात, म्हणून एकदा थांबले. आता मंगळवारी आणि गुरुवारी, जेव्हा मला उशिरा जायचं असतं, तेव्हा मी सोडते. बाकीचे तीन दिवस ती चालते. काउंटीकडे फूटपाथच्या अर्जाची पोच आलीय, वर एक क्रमांक आहे.

१९ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली. त्या शनिवार-रविवारी आमच्या ग्रुपवर बस, गणित, ग्रंथपाल सगळं बंद झालं. भारतात गेलेले लोक विमानाची तिकिटं शोधत होते. ही फी जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही हे स्पष्ट व्हायला एक-दोन दिवस गेले. सोमवारी सकाळी त्या सहाजणांपैकी एकाने ग्रुपवर विचारलं, ऑक्टोबरच्या बोर्डाच्या सभेला कोण येतंय? पाच मिनिटं काहीच आलं नाही. मग त्या धीट मैत्रिणीचं उत्तर आलं, ‘मी येते. नाव सांगेन, पण आडनाव नाही.’ ती आली, आणि माईकसमोर आडनावासकट बोलली.

बोर्डाच्या तीन जागांसाठी ४ नोव्हेंबरला मतदान होतं, गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबरच. त्या आधीच्या गुरुवारी गाडीत त्या तीन मुलांच्या आईने मला विचारलं, की तू त्या सभांना जातेस ना? ती दोन वर्षांपूर्वी नागरिक झालीय. एकदाच मत दिलंय, राष्ट्राध्यक्षाच्या वेळी. खालच्या जागांची नावं ओळखीची नसल्याने ते रकाने कोरे सोडले होते. मी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून वही काढली. एप्रिलच्या त्या रात्री कोणी कसं मत दिलं, ते माझ्याकडे नावानिशी लिहिलेलं होतं, आणि त्या नऊजणांपैकी दोघे पुन्हा उभे होते. तिने दोन्ही पानांचा फोटो काढून घेतला. मग विचारलं, हे दुकानातल्या बाकीच्यांना पाठवलं तर चालेल का?